उंच गाडी, बसकी गाडी

आमच्या घरात दोन मोटरसायकली होत्या. एक ह्यांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, आणि दुसरी आमच्याकडेच राहणाऱ्या धाकट्या दिरांची. त्या दोन गाड्यांवरून बोईसरच्या आमच्या दोन खोल्यांत जेवढी वादावादी झाली, तेवढी लोकांकडे वाटण्यांवरून होत नसेल. रोजच्या वापराला कुठली बरी, उंच की बसकी, एवढाच काय तो प्रश्न. पण दोघे भाऊ ताटावर बसले की आमटी निवून जायची आणि दोघांचं आपलं चालूच. मी म्हणायचे, तुम्ही दोघं बाहेर उभे राहा, मी गाड्यांनाच वाढते.

ह्यांची गाडी उंच. कारखान्यातून ती तशी आली नव्हती. मुळात दूधवाले चालवायचे तसली साधी जुनी टू-स्ट्रोक, पण ह्यांनी स्टेशनजवळच्या मिस्त्रीकडे नेऊन तिचं रूपच पालटलं. मागचे शॉकअप लांब बसवले, पुढे रुंद हँडल लावलं, मागे खाचांचा जाड टायर, इंजिनाखाली लोखंडी पत्रा. सायलेन्सर तर पार वर उचलून सीटच्या उंचीला आणला, ओढ्यातून जाताना त्यात पाणी शिरू नये म्हणून. मिस्त्री म्हणाला होता, "भाईसाब, ये गाडी है या घोडा?" ह्यांना तेच ऐकायचं होतं.

आणि हा सगळा खटाटोप कशासाठी, तर माझ्या माहेरी जायला. माझं माहेर मासवणच्या पलीकडे, आत. रस्ता म्हणजे दगडगोटे आणि मध्ये दोन ओढे. लग्नानंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा एसटी सोडून शेवटचा टप्पा चालावा लागला, चपलेने ह्यांचे पाय सोलले, आणि माझ्या काकाने हसून म्हटलं, जावईबापू समुद्राकाठचे, त्यांना वाळूची सवय. ते ह्यांच्या मनाला लागलं. "तुझ्या बापाच्या अंगणात गाडी लावून दाखवतो," म्हणाले, आणि पुढच्या उन्हाळ्यात लावली. माझे वडील अंगणात शेण सारवत असलेल्या आईला म्हणाले, बाजूला हो, काहीतरी येतंय. मी मागे बसलेली, केसांत धूळ, आणि मला आयुष्यात इतकं मोठं कधी वाटलं नव्हतं.

दिरांची गाडी त्यानंतर काही वर्षांनी आली. चार-स्ट्रोक, शंभर सीसीची, नवी कोरी. बसकी, हलकी, मला बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकवता यायचे. आवाज म्हणाल तर शिलाई मशीनएवढा. "वहिनी, ही पेट्रोलच्या वासावर चालते," दीर म्हणायचे. डांबरी रस्त्यावर ती खरंच लोण्यासारखी जायची. खड्डा आला की मात्र थेट मणक्याला कळायचं.

"रस्ता असेल तिथेच जाणार, तर मग एसटी काय वाईट?" हे म्हणायचे.

"दादा, तुला रोज काय डोंगर चढायचेत?" दीर म्हणायचे. "घर ते कंपनी, कंपनी ते घर. त्याला हा हत्ती कशाला? नाकापेक्षा मोती जड."

"वर्षातून चारदा तरी हिच्या माहेरी जातो."

"त्या चार दिवसांसाठी वर्षभर तेल मिसळत बसायचं आणि धूर गिळायचा."

दिरांचं खरं होतं, पण हौसेला मोल नसतं. हे आपलं तुणतुणं सोडायचे नाहीत. मला दोघांचंही पटायचं आणि ते मी दोघांनाही सांगायचे, म्हणून दोघेही माझ्यावर चिडायचे.

आमचं घर औद्योगिक वसाहतीच्या मागच्या अंगाला होतं. वास यायचाच. कधी सडक्या अंड्याचा, कधी नेलपॉलिशसारखा गोडसर, पावसाची झड लागली की घशात मिरची गेल्यासारखा. बाहेरून कुणी पाहुणा आला की नाकाला रुमाल लावायचा आणि आम्हाला त्याचं हसू यायचं. वास म्हणजे पगार, असं आमच्याकडे म्हणायचे. दोन दिवस वास आला नाही की बायका दारात येऊन विचारायच्या, काय गं, संप आहे का? कंपनी बंद पडली की काय? वासाचं भय नव्हतं, वास थांबण्याचं होतं.

मग ते झालं. ह्यांच्या प्लँटमध्ये एका नळीचा जोड सुटून वायू पसरायला लागला आणि हे तोंडाला ओला रुमाल बांधून व्हॉल्व्ह बंद करायला आत गेले. व्हॉल्व्ह बंद झाला. ह्यांना चालवत बाहेर आणलं, दूध दिलं, गूळ दिला, दोन दिवस घरी बसायला सांगितलं. गूळ खाल्ला की छातीतलं सगळं धुऊन निघतं, असं त्या भागात सगळेच मानत, साहेबापासून झाडूवाल्यापर्यंत. मीही मानायचे. रोज सकाळी मुठीएवढा खडा ह्यांच्या हातावर ठेवायचे आणि हे तो निमूट चघळायचे. खोकला काही जाईना.

छाती किती गेली आहे ते आम्हाला उंच गाडीने सांगितलं. तिची किक जड होती, सगळं अंग वर उचलून तिच्यावर टाकावं लागायचं. एका सकाळी ह्यांनी किक मारली, ती लागली नाही. पुन्हा मारली. तिसऱ्या वेळी पाय वर गेला तो तसाच राहिला आणि हे टाकीवर ओणवे झाले. मला वाटलं काहीतरी बघतायत. जवळ गेले तर तोंड उघडं, आणि श्वास आत जाईना, बाहेर येईना. दिरांनी पाठ चोळली. बऱ्याच वेळाने आवाज फुटला तेव्हा पहिलं काय म्हणाले, तर "कार्बोरेटर साफ करायला हवा."

पालघरला एक छातीचे डॉक्टर होते. मध्यम वयाचे, कमी बोलणारे. त्यांनी फोटो काढला, वाफेचं यंत्र लावलं, सुया लिहून दिल्या, दर आठवड्याला घेऊन या म्हणाले. आणि आम्ही उठता उठता म्हणाले, "ह्यांना तिथून हलवा." मी ते ऐकलं, ह्यांनी ऐकलं, दिरांनीही ऐकलं. खाली रस्त्यावर आल्यावर आम्ही तिघांनी शहाळं प्यायलं.

हलवायचं कुठे आणि कसं? कंपनीने ह्यांना प्लँटमधून काढून फाटकावरच्या केबिनमध्ये खुर्ची दिली होती. येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद करायची, बस. उपकार केल्यासारखी दिली होती ती खुर्ची, आणि अट एकच: हजेरी. जास्त दिवस सलग दिसला नाहीस तर नाव कापू. त्या खुर्चीवर डोळा ठेवून चार जण बसलेले होते. ह्यांना दुसरं कुठलं काम आता कोण देणार होतं? म्हणून डॉक्टरांचं ते वाक्य आम्ही तिथेच ठेवलं आणि घरी येऊन गाड्यांचं बोलायला लागलो.

कारण प्रश्न तोच उरला होता. ह्यांना दर आठवड्याला पालघरला न्यायचं तर कुठल्या गाडीवरून? रेल्वेने जायचं तर पुलाचे जिने चढायचे, ते ह्यांना जमेना. एसटीत उभं राहणं जमेना. रिक्षा त्या वाटेला फारशा नव्हत्याच. दिरांची शिफ्ट बदलती. तेव्हा गाडी मी शिकायची असं ठरलं. ठरलं म्हणजे मीच ठरवलं, बाकीचे नुसते माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

साडीच्या आत ह्यांची जुनी पँट घालून मी दिरांची बसकी गाडी शिकले. खाजणाच्या, म्हणजे खाडीच्या खाऱ्या दलदलीच्या, कडेला मोकळी जागा होती तिथे. दोनदा पडले, एकदा चिखलात, एकदा बाभळीत. उचलली जीभ लावली टाळ्याला, अशा बायकांची आमच्या आळीत वाण नव्हती. नवरा जिवंत असून पँट हिने घातली, असंही एकीने म्हटलं. मी तिला म्हटलं, तुझा नवरा घालतो तरी तुला कुठे नेतो? त्यानंतर माझ्या वाटेला कुणी गेलं नाही.

उंच गाडी शिकायला जास्त दिवस गेले. तिच्यावर बसले की माझे पाय अधांतरी. थांबायचं तर आधी उंचवटा शोधायचा, एखादा दगड, बांध, पायरी, आणि तिथे डावा पाय टेकवायचा. किक मारायला मी पायरीवर उभी राहायचे. हे ओट्यावर बसून सूचना द्यायचे, उंटावरून शेळ्या. "ढुंगण उचल, नुसता पाय नको." सासऱ्यांच्या वयाची माणसं येत-जात असायची आणि हे असलं बोलायचे. मी किक मारत असताना ह्यांचे डोळे लकाकायचे, म्हणून मी ऐकून घ्यायचे.

तेव्हा मला दोन्ही गाड्या खऱ्या कळल्या. पुरुष गाडीबद्दल बोलतात ते चालवणाऱ्याचं बोलतात. मागे बसलेल्याचं कुणी बोलत नाही. माझ्यामागे बसलेल्या माणसाला श्वास घ्यायचा होता आणि मला फक्त तेवढंच बघायचं होतं.

बसकी गाडी डांबरी रस्त्यानेच जाणार, आणि डांबरी रस्ता कंपन्यांच्या मधून जाणार. गाडीचा स्वतःचा धूर नाही, पण चारी बाजूंनी चिमण्या. हवा जड असेल त्या दिवशी हे माझ्या पाठीत तोंड खुपसून बसायचे आणि स्टेशन येईपर्यंत खोकला थांबायचा नाही. उंच गाडीने खाजणाच्या बांधावरून, शेतांच्या कडेने, कंपन्यांना वळसा घालून उमरोळीच्या अलीकडे रस्त्याला लागता यायचं. खड्ड्यांतून ती ह्यांना पाळण्यासारखी न्यायची, हवा चांगली, बगळे, पाणी. पण तिचा निळा धूर, तोही सीटच्या उंचीला आणलेल्या त्या सायलेन्सरमधून, थेट मागे बसलेल्याच्या मांडीपाशी. गाडी चालत असली की मागे जायचा. जरा थांबलं की सगळा ह्यांच्या तोंडावर. हौसेने वर उचलून घेतलेला सायलेन्सर मी त्याच मिस्त्रीकडे नेऊन पुन्हा खाली बसवून घेतला. हे त्या दिवशी जेवले नाहीत.

ह्यांना मी जुन्या सुती साडीने माझ्या कमरेशी बांधून घ्यायचे, कारण खोकल्याची उबळ आली की ह्यांचे हात सुटायचे. ह्यांचा श्वास माझ्या मानेवर लागायचा. तो कसा चाललाय यावरून मी वेग ठरवायचे. तो अडकला की मीही श्वास धरायचे, मूर्खासारखी, आणि सुटला की सोडायचे. पालघरला पोचेपर्यंत माझ्याच छातीत दुखायला लागायचं.

संध्याकाळी परत आलं की तिघांची बैठक. आज कुठली गाडी बरी गेली? पुढच्या आठवड्यात कुठली? दीर म्हणायचे, बसकीला मागे मऊ गादी शिवून घेऊ. हे म्हणायचे, उंच गाडीला तेल कमी मिसळ, धूर कमी होईल. दीर म्हणायचे, इंजिन जाम होईल. ह्यांना दोन शब्दांनंतर थांबावं लागायचं, पण गाडीचं बोलताना तेच जुने हे दिसायचे, हातवारे करणारे, हट्टी. मला ते इतकं आवडायचं की मी मुद्दाम काडी टाकायचे. आज बसकीनेच बरं वाटलं, असं खोटंच म्हणायचे, की लागलेच हे भांडायला.

पावसाळा तोंडावर आला तेव्हा ह्यांच्या गावाहून, घिवलीहून, सासूबाई आल्या. सासरे गेल्यापासून त्या तिथे वाडीत एकट्या राहत. चार नारळ, शेवग्याच्या शेंगा आणि मोगऱ्याच्या कळ्यांची पुडी घेऊन एसटीने आल्या, आणि भिंतीला टेकून बसल्या. आमची चर्चा रंगात आली होती. पावसात खाजणाचा बांध बंद होणार, मग डांबरी रस्ताच उरणार, आणि पावसात तर कंपन्या काय काय सोडतात ते सगळ्यांना ठाऊक. बसक्या गाडीवर जायचं पण पहाटे जायचं, असं दीर म्हणत होते. ह्यांचं म्हणणं, उंच गाडीला आणखी जाड टायर लावला तर बांधावरून पावसातही जाईल.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमी याला पालघरला नेता, मंग परत कुटं आनता?"

"घरी," मी म्हटलं.

"या घरी? हितं?" त्यांनी नाकाकडे बोट नेलं. "आट दिस विख पाजायचं न् नवव्या दिशी दवा आनायला जायचं. न् तुमी भांडताव कशावरून, तं कंच्या गाडीवरून."

मला त्यांचा असा राग आला की विचारू नका. इतके महिने ह्या माणसाला कमरेला बांधून मी फिरले होते आणि ह्या बाईने येऊन एका वाक्यात सगळ्यावर पाणी ओतलं होतं. आणि खरं बोलल्या होत्या, त्याचा तर अधिकच.

"हजेरी हाय, आई," हे म्हणाले. "खुर्ची जाईल."

"सोन्याची सुरी हाय म्हून उरात खुपसशील काय? माज्याकडं ये. वाडी हाय, दोन घास हायत. मी मेल्यावर कर काय ती नोकरी."

ह्यांनी मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी दिरांनी कंपनीत ह्यांच्या आजारपणाची रजा सांगितली, आणि मी ह्यांना उंच गाडीवर बांधून घिवलीला घेऊन गेले.

घिवलीला काय झालं ते मी कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल. तिथे काही औषध वेगळं नव्हतं. नारळ-चिकूची वाडी, मागे सुरूची झाडं, पलीकडे समुद्र. पहिले काही दिवस तसेच गेले. मग एक दिवस हे आडवे होऊन झोपले. वर्षभर भिंतीला उशी लावून बसल्या बसल्या झोपणारा माणूस आडवा झोपला होता आणि तोंड मिटलेलं होतं. सासूबाईंनी मला हाताने बोलावून दाखवलं. आम्ही दोघी उंबऱ्यात उभ्या राहून नुसत्या बघत होतो. पुढे हे वाडीत चालायला लागले, मग सुरूपर्यंत, मग वाळूत. जेवण वाढलं. मला चिडवायला लागले. मुरबे गावाहून बोंबील आणायला सांगायला लागले. मी मनात म्हटलं, सुटलो.

पण श्वास आला तशी खुर्चीही आठवायला लागली. दीर सुट्टीच्या दिवशी बसक्या गाडीवर यायचे, त्यांना हे आधी कंपनीचंच विचारायचे. एकदा दीर म्हणाले, खुर्चीवर सध्या दुसऱ्या एकाला बसवलाय, आणि साहेब विचारत होते की तुझा भाऊ येणार आहे का नाव कापू. लपवून काय उपयोग होता? आज ना उद्या कळणारच होतं. ह्यांनी विचारलं, कधीपर्यंत? दीर म्हणाले, ह्याच महिन्यात काय ते बघतील. सासूबाई म्हणाल्या, कापूंदे. मीही तेच म्हटलं. हे हसले आणि म्हणाले, "मी तरी कुठे काय म्हणतोय?"

त्यानंतर दोन-तीनदा मी ह्यांना उंच गाडीपाशी बघितलं. एकदा किक मारून बघत होते. ती अर्ध्यातच परत आली. हे विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसले, धापा टाकत, आणि मी बघतेय म्हटल्यावर म्हणाले, "म्हातारी झालीय ती." मनातून मला बरं वाटलं. जोवर ती किक ह्यांना लागत नाही तोवर हे माझ्याशिवाय कुठे जात नाहीत, असा माझा हिशेब होता.

पाऊस ओसरत आला होता. दीर सुट्टीला आले होते आणि पडवीत झोपले होते. मी आणि सासूबाई वाडीच्या पार टोकाला मोगऱ्याच्या कळ्या खुडत होतो. परत आले तर उंच गाडी जागच्या जागी आणि बसकी दिसेना. मला वाटलं, दीर दुकानात गेले असतील. टोपली ठेवून मी पडवीत शिरले तर दीर झोपलेले. मी घरात बघितलं, विहिरीवर बघितलं, सुरूकडे बघून हाक मारली. ह्यांचा कंपनीचा शर्ट खुंटीला नव्हता.

बसक्या गाडीची किल्ली गाडीलाच असायची. घिवलीत कोण नेतो? आणि तिची किक लहान मुलानेही मारावी इतकी हलकी. ती किती सोपी, किती बिनत्रासाची, रोजच्या वापराला किती बरी, ते वर्षानुवर्षं त्या घरात सांगून झालं होतं.

मी दिरांना उठवलं. त्यांनी एकदा रिकाम्या जागेकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. मी पायरीवरून उंच गाडीला किक मारली आणि म्हटलं, "बसा मागे." भर दुपारी, आख्ख्या गावासमोर, पुरुषासारखा पुरुष वहिनीच्या मागे बसून आला. रस्त्यात प्रत्येक वळणावर मी बाजूला पडलेली गाडी शोधत होते. कुठेही नव्हती. म्हणजे पोचले असतील, असं मला वाटलं, आणि पोचले म्हणून मला आणखी भीती वाटली.

बोईसर जवळ आलं तसा वास सुरू झाला. वारा नव्हता, दमट हवा, धूर चिमण्यांवरून खाली उतरून रस्त्यावर बसलेला. सगळा पावसाळा घिवलीत काढल्यावर मला तो पहिल्यांदाच वास म्हणून आला. डोळ्यांतून पाणी काढणारा. मी ह्यात दहा वर्षं राहिले होते आणि पाहुण्यांना हसले होते.

फाटकापाशी बसकी गाडी सावलीत स्टँडवर लावलेली होती, नीट, सरळ. केबिनमध्ये हे खुर्चीवर बसलेले. शर्टाची वरची बटणं तोडल्यासारखी उघडी, दोन्ही हात गुडघ्यांवर, ओठ जांभळे, गळ्याखालची कातडी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. बाजूला पहारेकरी पाण्याचा ग्लास धरून उभा. "भाभी, आये तब तो एकदम ठीक थे," तो म्हणाला. "हाजिरी लगायी, सबसे हाथ मिलाया. फिर एकदम से ऐसा हो गया."

ह्यांनी मला बघितलं. काय म्हणतील असं तुम्हाला वाटतं? चुकलो, असं नाही म्हणाले. मला ने, असंही नाही. चेहऱ्यावर हसू आलं, माझ्या माहेरच्या अंगणात गाडी थांबवली होती तेव्हा आलं होतं तसंच, आणि एकेका शब्दाला थांबत म्हणाले, "एका किकेत... सुरू झाली."

मी ह्यांना शिव्या दिल्या. मेल्या, नालायका, इतकं अरे-तुरेत मी आयुष्यात कधी बोलले नव्हते, त्या दिवशी बोलले. बोलता बोलताच दिरांनी आणि मी मिळून ह्यांना उचललं. कंपनीची जीप मिळाली. मागच्या बाकावर मी ह्यांना छातीशी धरून बसले होते आणि जीप डांबरी रस्त्याने पालघरकडे निघाली. काचा बंद केल्या होत्या. ह्यांनी माझं मनगट धरलं होतं. उमरोळीच्या आधी ते सुटलं. मी चालकाला सांगितलं नाही. पालघर येईपर्यंत जाऊ दिली जीप.

संध्याकाळी ह्यांना घिवलीला आणलं. सासूबाई रडल्या नाहीत. त्यांनी लेकाचं तोंड पुसलं, केस सारखे केले आणि मला जवळ बसवून विचारलं, "लय तरास झाला काय गो त्याला?"

"नाही," मी म्हटलं. "खुशीत होते. एकटे गाडी चालवत गेले ना."

त्या म्हाताऱ्या बाईला बरं वाटावं म्हणून मी बोलले असं दिरांना वाटलं. पण ते खरंच होतं. शेवटच्या दिवशी माझा नवरा खूश होता, माझ्याशिवाय, स्वतःच्या हाताने गाडी चालवून मरणाच्या दारात जाऊन बसल्याबद्दल खूश होता. आणि त्या हसण्याचा मला आजही इतका राग येतो की ह्यांचा फोटो बघताना मी डोळ्यांच्या खाली बघत नाही.